भेगेवरची काच : दुर्गम घाटातील दरडकाम आणि तुकडीप्रमुखाची जबाबदारी

रस्त्यासाठी किंवा लोहमार्गासाठी सह्याद्रीचा डोंगर कापल्यावर उभा राहणारा कातळकडा वरकरणी अखंड दिसत असला, तरी तो अखंड नसतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून हा कातळ, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला आणि प्रत्येक थर निवताना आकसल्यामुळे त्यात उभ्या सांध्यांचे जाळे पडले. दोन थरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी भूशास्त्रात ‘रेड बोल’ या नावाने ओळखला जाणारा तांबड्या मातीचा मऊ पट्टा सापडतो. पावसाच्या पाण्याने हा पट्टा झिजत गेला की वरच्या कातळाचा आधार सुटतो आणि सांध्यांमुळे आधीच वेगळा झालेला ठोकळा खाली येतो. कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळ 22 जून 2003 रोजी दरड रुळांवर कोसळून गाडी घसरली व 50 हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर या मार्गावर कड्यांचे उतार कमी करणे, जाळ्या ठोकणे, पावसाळी गस्त वाढवणे अशा उपायांना मोठी गती मिळाली. या उपायांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र ते करण्यासाठी जी माणसे दोराला लटकून कड्यावर उतरतात, त्यांच्या सुरक्षिततेचा विचार त्या मानाने कमी झाला आहे. म्हणूनच प्रस्तुत लेखकाच्या हाताखालील तुकडीला एका दुर्गम घाटात झालेला अपघात, लेखकाच्या स्वतःच्या चुकांसह, येथे नोंदविला आहे.

दरडकामाची पहिली पायरी म्हणजे सैल दगड मुद्दाम खाली पाडणे. कामगार कड्याच्या माथ्यावरून दोरावर उतरतो आणि पहारीने कातळ ठोकून पाहतो. पक्का कातळ खणखणीत वाजतो, तर मागून सुटलेला कातळ बद्द, पोकळ आवाज देतो, आणि असा दगड पहारीने उचकटून पाडला जातो. त्यानंतर कातळात छिद्रे पाडून पोलादी सळया, म्हणजे रॉक बोल्ट, बसवितात व त्यांना जाळी बांधतात. ज्या भेगेचा भरवसा वाटत नाही, तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवून शेजारी रंगाने तारीख लिहिण्याची पद्धत आहे. काच ताणली जात नसल्यामुळे भेग केसभर रुंदावली तरी ती तडकते, आणि डोळ्याला न दिसणारी कातळाची हालचाल अशा रीतीने दिसू लागते.

अपघात मे महिन्याच्या अखेरीस झाला. पावसाळ्यापूर्वी काम आटोपण्याची घाई होती आणि आदल्या रात्री वळवाची जोरदार सर येऊन गेली होती. सकाळी पाणी घेऊन वर गेलेल्या एका बिगाऱ्याला माथ्याजवळच्या भेगेवरील तीन काचांपैकी दोन तुटलेल्या दिसल्या. त्याने ‘भेग हललीय’ असे मुकादमाला सांगितले. मुकादमाने लेखकाला ‘एक-दोन काचा गेल्यात’ एवढेच कळविले. आणि त्या परिसरात वानरांचा वावर असल्याने काचा वानरांनीच तोडल्या असाव्यात असे म्हणून लेखकाने काम सुरू करण्यास सांगितले. भेगेपर्यंतची चढण वीस मिनिटांची होती, पण लेखक ती चढून गेला नाही. दिवस वाचावा म्हणून त्याच कड्यावर वर दगड मोकळे करणारी जोडी आणि तिच्या खाली छिद्रे पाडणारी जोडी अशा दोन जोड्या एकाच वेळी उतरविल्या गेल्या. अकराच्या सुमारास भेगेतून बारीक खडीची धार सुरू झाली, पाठोपाठ एक चिरा निसटला आणि खालच्या जोडीतील एका कामगाराचा पाय गुडघ्याखाली चिरडला गेला. स्ट्रेचर तळावरच्या कोठीत कुलूपबंद होते आणि किल्ली आठवडी बाजाराला गेलेल्या माणसाच्या खिशात होती. अखेर जखमीला चादरीच्या झोळीत घालून खाली आणावे लागले व रुग्णालय गाठण्यास चार तास लागले. त्याचा जीव वाचला. पाय वाचला नाही.

या अपघाताचे कारण केवळ ‘दरड कोसळली’ असे सांगणे खरे नव्हे, कारण दरडीने आपली सूचना रात्रीच दिली होती. सूचना देणाऱ्याचे शब्द वर चढता चढता सौम्य होत गेले. बिगाऱ्याने भेग हलल्याचे सांगितले होते, मुकादमाने फक्त काचांचा उल्लेख केला आणि प्रमुखाच्या तोंडी शेवटी वानरे आली. खालच्या माणसाला प्रत्यक्ष दिसलेले वरच्या माणसाला सोयीचे वाटेल अशा भाषेत पोचते, आणि काम मागे पडलेले असेल तर सोयीचे स्पष्टीकरण चटकन सापडते. दुर्गम जागी मदत दूर असते, मोबाइलला रेंज नसते आणि चूक निस्तरायला दुसरी संधी मिळत नाही. त्यामुळे या दोषाची किंमत तेथे अनेक पटींनी वाढते.

यातून निघणारा पहिला नियम असा की, धोक्याची खूण खोटी असल्याचे सिद्ध होईपर्यंत ती खरीच मानावी आणि ती पडताळण्यासाठी प्रमुखाने ज्याने ती पाहिली त्यालाच बरोबर घेऊन स्वतः जावे. दुसरा नियम असा की, काम थांबविण्याचा अधिकार तुकडीतील प्रत्येकाला, अगदी पहिल्या दिवशी आलेल्या बिगाऱ्यालाही असावा. त्याची शिट्टी वाजली की आधी सर्वांनी हात थांबवावेत आणि कारण नंतर विचारावे. हा अधिकार कागदावर देऊन पुरत नाही. शंका चुकीची ठरली तरी ती बोलून दाखविणाऱ्याचे सर्वांसमक्ष आभार मानले गेले आणि त्या दिवसाची मजुरी कापली गेली नाही, तरच लोक पुन्हा बोलतात. एकदा कोणी हसले की पुढची खूण कोणी सांगत नाही. इमारत व इतर बांधकाम कामगारांविषयीच्या 1996 च्या कायद्याने सुरक्षा समिती सांगितली होती ती 500 किंवा त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी; घाटात वीस-पंचवीस माणसे घेऊन उतरणाऱ्या तुकडीत ती समिती नसते, म्हणून तिचे काम प्रमुखालाच करावे लागते.

तिसरा नियम प्रत्यक्ष कामाच्या क्रमाचा आहे. दगड मोकळे करण्याचे काम नेहमी वरून खाली चालावे आणि एका उभ्या रेषेत, वरखाली, दोन जोड्या कधीही नसाव्यात. प्रत्येकाला दोन दोर असावेत, एक काम करण्यासाठी आणि दुसरा पहिला तुटल्यास झेलण्यासाठी, आणि ते दोन वेगवेगळ्या अँकरांना, म्हणजे कातळात पक्क्या केलेल्या आधारांना, बांधलेले असावेत. पाऊस थांबला म्हणजे कडा सुरक्षित झाला असे समजू नये. सांध्यांत मुरलेले पाणी पाऊस उघडल्यानंतरही कित्येक तास कातळाला आतून रेटत असते, म्हणून सरीनंतर सर्व भेगा व काचा पाहिल्याशिवाय दोर खाली सोडू नये. आग्या मोहोळ असलेल्या कड्यावर छिद्रे पाडण्याची यंत्रे चालवू नयेत, कारण आवाजाने व हादऱ्याने माश्या उठतात आणि दोरावरच्या माणसाला पळून जाण्याची सोय नसते. कोकणात दगडाखाली फुरसे असू शकते, त्यामुळे उघड्या हाताने दगड उलटू नये आणि सर्पदंशावरील प्रतिविष सर्वांत जवळ कोठे मिळते याची चौकशी काम सुरू होण्याआधीच करून ठेवावी.

चौथा नियम सुटकेचा आहे, आणि त्याची तयारी कामाला हात घालण्यापूर्वीच पुरी झाली पाहिजे. उत्तराखंडातील सिलक्यारा येथे 12 नोव्हेंबर 2023 रोजी बोगद्याचा भाग कोसळला तेव्हा आतील 41 कामगारांना बाहेर पडण्यास दुसरी वाट नव्हती आणि त्यांची सुटका होईपर्यंत 17 दिवस गेले. कड्यावरही हेच लागू पडते. पट्ट्यांच्या साजात, म्हणजे हार्नेसमध्ये, निश्चल लटकलेल्या माणसाचे रक्त पायांत साठून तो काही मिनिटांतच बेशुद्ध होऊ शकतो, म्हणून त्याला खाली घेण्याचे साधन व ते वापरता येणारी माणसे कड्याच्या माथ्यावर हजर असली पाहिजेत. तालुक्याहून मदत येईपर्यंत थांबण्याइतका वेळ त्याच्याजवळ नसतो. स्ट्रेचर कोठीत नव्हे, तर कामाच्या जागी उघडे असावे. एक वाहन तोंड रस्त्याकडे करून उभे असावे. वॉकीटॉकीवरून तळाशी बोलणे होते की नाही हे रोज सकाळी तपासावे. महिन्यातून एकदा सर्वांनी मिळून एका माणसाला जखमी समजून खाली आणून पाहावे आणि त्याला लागलेला वेळ वहीत लिहावा. जखमीला आणण्यास चार तास लागतील हे आधी मोजले असते, तर त्या मे महिन्यात दोन जोड्या एकाखाली एक उतरविण्याचे धाडस लेखकाला झाले नसते.

जे आज अशा तुकड्या घेऊन घाटात जातात, त्यांना एवढेच सांगणे आहे की मुदत वाढवून घेता येते, दंड भरता येतो, पाडायचा दगड उद्याही पाडता येतो. गेलेला पाय परत आणता येत नाही. भेगेवरची काच तुटली असे कोणी सांगितले, तर तिचा अर्थ खाली बसून लावू नये; काम थांबवावे, सांगणाऱ्याला बरोबर घ्यावे आणि वर चढून जावे.