लिंबावरचा पाहुणा

लिंबाच्या पानावर पक्ष्याची शीट दिसली तर नीट पाहा. ती हलली, तर समजा की ती लिंबू-फुलपाखराची अळी आहे! या सोंगामुळे पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवी होते. डिवचल्यास डोक्यामागून दोन शिंगांसारखा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. मग कोष, आणि कोषातून काळ्या-पिवळ्या नक्षीचे फुलपाखरू.

सह्याद्रीतील निळे-काळे नीलवंत फुलपाखरूही लिंबाच्या कुळातील झाडांवरच अंडी घालते. 2015 मध्ये ते महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू झाले.

पंखांची नक्षी बारीक खवल्यांची असते. पंख चिमटीत धरल्यास बोटांना लागणारी पूड म्हणजे हेच खवले. ते पुन्हा उगवत नाहीत.

पतंग कसा ओळखाल? फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते; पतंगाच्या मिशा बहुधा टोकदार किंवा पिसासारख्या असतात.

अळी चार पाने कुरतडते, म्हणून घरात कोणी औषध फवारायला निघाले, तर त्यांना सांगा : अळी मेली, तर फुलपाखरू कुठून येणार?

करून पाहा : एक अळी निवडा. हात न लावता रोज तिचे चित्र काढा.