शीळ घालणारी बाभूळ

केनियांतील लैकिपिया पठारावर, आपल्या काळीप्रमाणें भेगाळणाऱ्या जमिनींत, एक बाभूळ वाढते. तिचे कांहीं कांटे बुडाशीं फुगून पोकळ होतात. त्यांना मुंग्यांनीं पाडलेल्या छिद्रांवरून वारा वाहिला कीं शीळ ऐकूं येते. झाड मुंग्यांस घर व मधुरस देतें. त्या हत्तीच्या सोंडेंत शिरून त्यास पिटाळतात.

१९९५ सालीं संशोधकांनीं कांहीं झाडांभोंवतीं कुंपण घातलें. चरणारीं जनावरें दूर होतांच झाडांनीं पोकळ कांटे व रस कमी केले. राखणदार मुंग्या घटल्या. त्यांच्या जागीं झाड न राखणाऱ्या मुंग्या आल्या, खोड पोखरणारे भुंगेरे माजले. अशा झाडांची वाढ मंदावून मरण्याचें प्रमाण दुप्पट झालें, असें २००८ सालीं प्रसिद्ध झालें.

सारांश, कुंपण घालण्यापूर्वीं झाडाचे सोबती कोण, हें ओळखावें.