युद्धाची आठवण आणि वानखेडेची खेळपट्टी

१९८६ साली मेक्सिकोत अर्जेंटिनाने इंग्लंडला २-१ असे हरविले, तेव्हा प्रेक्षकांच्या मनात चार वर्षांपूर्वीचे फॉकलंडचे युद्ध होते. फुटबॉलमधले हे वैर आपण वर्तमानपत्रांतून वाचतो. मुंबईत मात्र तोच प्रश्न क्रिकेटच्या रूपाने दारात आला.

नोव्हेंबर १९५२. फाळणीला पाच आणि काश्मीरची पहिली लढाई थांबून जेमतेम चार वर्षे होत होती. तरी चर्चगेटजवळच्या ब्रेबॉर्नवर पाकिस्तानचा संघ कसोटी खेळला. त्याचा कर्णधार कारदार १९४६ साली भारताकडून खेळलेला. दुसऱ्या डावात ९६ धावा काढणारा हनीफ महंमद जन्माने जुनागडचा. परके म्हणावे तरी कोणाला? हजारे व उम्रीगर यांनी शतके ठोकली आणि भारत दहा गडी राखून जिंकला. जखम ओली असताना खेळ झाला!

पुढे १९६५ व १९७१ ची युद्धे झाली. १९६१ ते १९७८ या काळात उभय देशांत एकही कसोटी झाली नाही. डिसेंबर १९७९ मध्ये वानखेडेवर भारत १३१ धावांनी जिंकला. ऑक्टोबर १९९१ मध्ये शिवसैनिकांनी त्याच मैदानाची खेळपट्टी उखडली आणि पाकिस्तानचा दौरा रद्द झाला.

काळ हेच औषध, असे वडीलधारे म्हणतात. मग १९५२ ला जे जमले ते १९९१ ला का जमू नये? माझ्या मते आठवण नुसती जुनी होत नाही. काश्मिरातल्या ताज्या रक्तपाताने तिची खपली निघाली होती, आणि राजकारणालाही ती हवी होती. १९७९ नंतर पाकिस्तानचा संघ वानखेडेवर कसोटी खेळलेला नाही.