श्रोतृमंडळांचा प्रयोग आणि संज्ञापनाचे शिक्षण

वृत्तपत्रविद्येचे शिक्षण म्हणजे बातमी लिहिण्याचे शिक्षण, अशी समजूत अद्यापही आढळते. पुणे विद्यापीठाने रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत १९६४ साली ज्या विभागाचा आरंभ केला, त्याच्या नावात मात्र वृत्तपत्रविद्येआधी 'संज्ञापन' हा शब्द येतो. सांगितलेले समोरच्यापर्यंत पोहोचले किंवा नाही, हा त्या शब्दातील खरा प्रश्न होय.

या प्रश्नाचा शोध महाराष्ट्राच्या खेड्यांत त्याआधीच घेतला गेला होता. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की मंडळी उठून जात नसत. ऐकलेल्यावर चर्चा होई, आणि निमंत्रक सभासदांच्या शंका पुण्यास कळवी. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात. कल्पना मूळची कॅनडातील शेतकरी मंडळांची. पण ती येथील पारावर चांगली रुजली.

पाहणीचे काम टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते व तिचे सूत्रधार पॉल न्यूरथ हे समाजशास्त्रज्ञ होते. त्यांची रीत अभ्यासकाने नीट पाहावी अशी आहे. मंडळे असलेली गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे, असे तीन गट त्यांनी घेतले व प्रयोगापूर्वी आणि प्रयोगानंतर तेच प्रश्न विचारले. मंडळे असलेल्या गावांत माहितीत ठळक वाढ दिसली. इतरत्र ती अल्प होती. केवळ यंत्र गावात आणून ठेवल्याने भागत नाही, हे येथे मोजून सिद्ध झाले.

१९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली व मंडळांची संख्या हजारांवर गेली. कालांतराने ती मागे पडली. माझ्या मते, शंकेला वेळेवर उत्तर देणारी व्यवस्था त्या विस्ताराच्या वेगाने वाढविणे सोपे नव्हते.

आता सूचना भ्रमणध्वनीवर क्षणात जाते. तथापि, एका गावात योजनेची नुसती सूचना धाडावी, दुसऱ्यात तिच्यावर ग्रामसभेत चर्चा घडवावी आणि आठवड्याने दोन्हीकडे तेच पाच प्रश्न विचारावेत, एवढी पाहणी कोणत्याही शिक्षकास विद्यार्थ्यांकरवी करता येईल. प्रश्न मात्र सूचना पाठविण्यापूर्वीही एकदा विचारलेले असावेत.