आधी रुमाल सोडायला शीक

आधी एक सांगते, शाळेची नोकरी एवढ्यात सोडू नकोस. अभिलेखागारांत जागा थोड्या, त्यातही बऱ्याच कंत्राटी, स्कॅनिंगचा प्रकल्प संपला की माणसंही मोकळी. पण चाळिशी उलटली म्हणून उशीर झाला, हे मनातून काढून टाक. रियासतकार सरदेसाई बडोद्याची नोकरी संपवून, साठी ओलांडल्यावर पेशवे दफ्तरात जाऊन बसले आणि त्यातल्या निवडक कागदांचे 45 खंड काढले.

बी.लिब. करू का, विचारलंस. कर, जाहिरातीतली अट म्हणून ती पदवी लागते. पण त्यात शिकवतात ते मुख्यतः पुस्तकांचं. पुस्तक विषय बघून लावायचं असतं आणि जुन्या कागदाला नेमकी तीच सवय घातक. एका वाड्यातून आलेलं दप्तर एकत्रच राहिलं पाहिजे आणि त्या लोकांनी बांधलं होतं त्याच क्रमानं. समज, तू हौसेनं जमिनीचे कागद एकीकडे केलेस, पत्रं दुसरीकडे, हिशेब तिसरीकडे. झालं! वाटणीचा निवाडा, त्या खटल्यापायी काढलेलं कर्जखत आणि त्यावरून भावाभावांत झालेली पत्रं यांची ताटातूट झाली; कर्ज कशासाठी काढलं, हे पुढे कुणालाही कळणार नाही. म्हणून रुमाल, म्हणजे दप्तर बांधलेलं फडकं, सोडण्याआधी फोटो, सोडल्यावर प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं बारीक क्रमांक, मग वाचन. नवीन मुलगी कामावर आली की मी तिची पदवी नंतर बघते, रुमाल कसा सोडते ते आधी बघते. याचं रीतसर शिक्षण हवं असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात एक वर्षाची पदविका आहे. घरदार सांभाळून जमत नसेल तर त्यांचे थोड्या मुदतीचे वर्गही असतात.

मोडी लिपी मात्र आजपासून शिकायला घे. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग चालतात. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा तहसिलींच्या रेकॉर्ड रूममधली जुनी कोतवाल बुकं बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत, त्यामुळे पहिले काही आठवडे डोकं भणभणेल. नेट धर. तू गणिताची, तुला तारखांत गोडी लागेल. कागदावर ‘सलास सबैन मया व अलफ’ असं दिसलं तर तीन, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन 1173. त्यात 599 किंवा 600 मिळवायचे, कारण ते वर्ष मृगाला बदलतं. आलं 1772-73, थोरले माधवराव गेले ते वर्ष.

आता कागदाची निगा. कागद ही तर तुझ्या गावचीच विद्या आहे गं. जुन्नरला हातकागद होत असे, मराठ्यांच्या दप्तरात ‘जुन्नरी’ म्हणून तो ओळखला जाई. असा कागद टिकाऊ; त्याला मारतात ती ओल, कसर, वाळवी आणि आपली माणसं. फाटला म्हणून सेलोटेप लावतात, जपायचा म्हणून लॅमिनेशन करतात. दोन्ही बघून माझ्या पोटात गोळा येतो, कारण ते पुन्हा निघत नाही. आपण जे काही करू ते उद्या कुणाला सोडवता आलं पाहिजे: जपानी टिश्यू आणि साधी पिठाची खळ. स्कॅन करशील तर निदान 300 डीपीआयवर, टिफमध्ये, आणि प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेव. पण स्कॅन झालं म्हणून मूळ कागद रद्दीत घालू देऊ नकोस. कुणी तसं म्हणालं तर भांड.

आणि घोड खोऱ्याकडे बघ. ज्या आंबेगावच्या नावानं तालुका आहे, ते जुनं गावच डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तिथल्या लोकांकडे पुनर्वसनाच्या नोटिसा, भरपाईच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत असतील, आणि बाकीचं सगळं म्हाताऱ्यांच्या तोंडी. ते ध्वनिमुद्रित करणं हेही अभिलेखाचंच काम. आधी परवानगी लेखी घे. नाव, गाव, तारीख सुरुवातीलाच बोलून घे. पेट्या मागू नकोस. त्यांच्या ओसरीवर बसून फोटो काढ आणि कागद त्यांच्या हातात परत दे. उसने म्हणून नेलेले आणि परत न आलेले कागद गावं विसरत नाहीत.

सुरुवात आपल्या माळ्यावरच्या आजोबांच्या गाठोड्यापासून कर. मोडी येईपर्यंत बाळबोध कागद घे. प्रत्येकाचं वर्णन लिही: कुणी कुणाला लिहिला, तारीख, पानं, लांबी-रुंदी, अवस्था, कुठे आणि कशाच्या शेजारी सापडला. वाचता आलं नाही तिथे जागा कोरी ठेव, अंदाज ठोकू नकोस. पहिली वही भरली की माझ्याकडे पाठव, मी तपासून देते.