थंड इंजिन आणि द्वारकेची कोंडी

भाच्यासाठी जुनी टर्बो पेट्रोल हॅचबॅक बघायला आम्ही एका डीलरकडे पोहोचलो, तेव्हा गाडी आधीच चालू करून ठेवलेली होती. "एसी लावून ठेवलाय साहेब, बसा आणि एक चक्कर मारून या." भाचा खूश. मी बॉनेटवर हात टेकवला तर चटकाच बसला. भाच्याला म्हटलं, आज टोकन द्यायचं नाही. आणि डीलरला सांगितलं, उद्या सकाळी येतो, तोवर चावी लावू नका.

सकाळी स्टार्टर मारला आणि सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला. इंजिन हबकल्यासारखं थरथरत होतं. कूलंटची पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेलेली, आणि टाकीत गुलाबी कूलंटऐवजी गढूळ, पिवळसर पाणी. गळती शोधण्याऐवजी कुणीतरी नळाचं पाणी ओतून वेळ मारून नेली होती. आदल्या संध्याकाळी तापलेल्या इंजिनावर यातलं बरंच काही कळलं नसतं. आम्ही निघून आलो. पुढे ती गाडी दुसऱ्या कुणीतरी घेतल्याचं कळलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडे अशा चपळ गाड्या थोड्याच आल्या. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१३ साली चाकणहून निघाली, १४५ बीएचपीची अबार्थ पुंटो २०१५ साली रांजणगावहून, आणि बलेनो आरएस २०१७ मध्ये आली. तिन्ही आता बंद आहेत. पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं. नवी मिळत नाही म्हणून जुनीला मागणी, आणि मागणी आहे म्हणून घाई. विकणारा गाडी अर्धवट तापलेली असताना दाखवतो, कारण तेव्हा ती सगळ्यात शहाण्यासारखी वागते. आपण ती पूर्ण थंड असताना बघायची आणि पूर्ण तापल्यावर पुन्हा बघायची.

थंड असतानाच ऑइलचं झाकण उघडा आणि आतल्या बाजूने बोट फिरवा. काळा, घट्ट चिखल लागला तर पुढचं बघण्यात अर्थ नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, तेही तेलाच्या एका पातळ थरावर. म्हणून सर्व्हिसची बिलं मागा. पोलोला कंपनीने १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष सांगितलंय. ज्याने दहा हजारांच्या आत तेल बदललं, त्याच्या गाडीला मी चार पैसे जास्त देईन.

मग गाडी संध्याकाळी नाशिकच्या द्वारका चौकात न्या. हो, मुद्दाम कोंडीत. जीटी टीएसआयच्या सात गिअरच्या डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये दोन कोरडे क्लच असतात, आणि गाडी रांगत असताना ते अर्धे घसरत राहून तापतात. याच प्रकारच्या गिअरबॉक्समुळे २०१३ साली चीनमध्ये फोक्सवॅगनला ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. तेवढ्याने घाबरून गाडी सोडू नका, पण अर्धा तास रांगत चालवल्याशिवाय घेऊही नका. पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या मध्ये थरथर, चढावर रिव्हर्स पडायला उशीर, डॅशबोर्डवर पान्याची खूण किंवा गिअरचं अक्षर लुकलुकणं, यातलं एक जरी दिसलं तरी थांबा. मेकाट्रॉनिक (गिअरबॉक्सचं नियंत्रण युनिट) आणि क्लच दोन्ही गेले तर खर्च लाखाच्या पुढे जातो.

मॅन्युअल असेल तर सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना, महामार्गाच्या उड्डाणपुलावर तिसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून एकदा पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा, वेगमर्यादा सांभाळून. काटा वर पळतोय आणि गाडी तशीच, म्हणजे क्लच संपला. टर्बोची हलकी शीळ चालेल. सायरनसारखा आवाज, मध्येच ताकद तुटणं किंवा ईपीसीचा (इंजिनच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा) दिवा चालणार नाही.

या गाड्यांचा आणखी एक धोका म्हणजे रीमॅप, म्हणजे इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल. ताकद वाढवून मनसोक्त पळवलेली गाडी विकण्याआधी पुन्हा मूळ ट्यूनवर आणतात. बाहेरून लावलेले क्लॅम्प आणि जाड एक्झॉस्ट ओळखता येतात. बाकीचं स्कॅनर सांगतो. ही गाडी ओळखणाऱ्या मेकॅनिकला लॅपटॉप घेऊन बरोबर न्या. जुने फॉल्ट किती किलोमीटरवर नोंदले गेले ते काही कंट्रोल युनिटमध्ये राहतं. ती नोंद ६२ हजारांची आणि मीटर ४८ हजार दाखवत असेल, तर बोलणं तिथेच संपतं. सगळं अगदी कोरं दिसलं आणि गाडीची स्वयंतपासणीही अपूर्ण असली, तर नोंदी नुकत्याच पुसल्या आहेत असं समजा.

नाशिकच्या गाडीला पुराबद्दल विचाराच. २००८, २०१६ आणि २०१९ मध्ये गोदावरीचं पाणी कुठवर आलं ते आपण पाहिलंय. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा; तळाशी चिखलाचा डाग राहतो. स्टेपनीच्या खळग्यातला गंजही बघा.

कागदांमध्ये फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसली आहे का तेही पाहा. ट्रान्सफर होईपर्यंत थोडी रक्कम हातात राखा.

एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल डोळ्यांसमोर ठेवून बनलेल्या नाहीत, आणि पंपावर आता तेच मिळतं. त्यामुळे इंधनाचे रबरी पाइप आणि जोड दर सर्व्हिसला तपासून घ्या, आणि गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नका. कसारा घाट जोरात चढून आलात तर इंजिन मिनिटभर आयडलिंगवर ठेवून मग बंद करा. ताबा मिळाल्याबरोबर तेल, फिल्टर, प्लग, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला, मग आधीच्या मालकाने काहीही सांगितलेलं असो. किमतीच्या दहा टक्के रक्कम यासाठी सौदा करण्याआधीच बाजूला काढून ठेवा.