दाढ दुखतेय, मग दंडाला पट्टा कशाला?

मी पक्की कॉन्व्हेंटवाली. मराठीत लेख लिहायची पहिलीच वेळ, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांची दाढ काढायला त्यांच्याबरोबर गेले होते. डेंटिस्ट मॅडमनी आधी दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला. बाबा म्हणाले, "अहो, दाढ दुखतेय, हात नाही!" आकडा आला १९४/१२२. बाबांचा हात खुर्चीवरून खाली लोंबत होता. मॅडमनी खुर्ची सरळ केली, पाठ आणि पाय टेकवायला लावले, हात उचलून खाली उशी दिली. पाच मिनिटं गप्प बसवून पुन्हा मोजलं : १८२/११२.

हाताने एवढा फरक? उत्तर आपल्याच फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आहे. पट्टा हृदयाच्या पातळीत हवा. तो १० सेंमी खाली असेल, तर तेवढ्या उंचीच्या रक्ताचा दाब जास्तीचा मोजला जातो. पारा रक्ताच्या साधारण १३ पट जड, म्हणजे १०० मिमी रक्त = सुमारे ८ मिमी पारा. बाकीचा फरक भीतीचा!

१९०५ साली कोरोटकॉफ यांनी पट्ट्याखालच्या धमनीचा आवाज स्टेथोस्कोपने ऐकून बीपी मोजायची पद्धत सांगितली. डिजिटल मशीन आवाज ऐकत नाही. पट्ट्यातली हवा कमी होताना नाडीमुळे दाबात जी थरथर होते, ती सेन्सर टिपतो. थरथर सर्वात मोठी असते तिथे सरासरी दाब. त्यावरून वरचा-खालचा आकडा प्रोग्रॅम काढतो. म्हणूनच पेशंट बोलला किंवा हलला की आकडा चुकतो.

पण दातासाठी हे सगळं कशाला? बधिर करायच्या इंजेक्शनमध्ये बऱ्याचदा ॲड्रेनलिन असतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे औषध जास्त वेळ टिकतं. पण भीती आणि दुखण्याने शरीर स्वतःचंही ॲड्रेनलिन सोडतं. आधीच बीपी वाढलेलं असेल तर हृदयावर ताण येतो, शिवाय दाढ काढल्यावर रक्त लवकर थांबत नाही. म्हणून साधारण १८०/११० च्या वर, तातडी नसेल तर, काम पुढे ढकलतात.

मॅडमनी दाढ काढली नाही, फिजिशियनकडे पाठवलं. बाबा वैतागले. "मला काही होत नाही," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. तिथे पुन्हा पुन्हा मोजून बीपी आहे हे नक्की झालं, गोळी सुरू झाली. महिन्याभराने १३८/८६ वर दाढ निघाली.

बीपी दुखत नाही, हीच त्याची खोड. आमच्याकडे दाढ दुखली म्हणून ते सापडलं. मित्रांनो, या सुट्टीत घरी गेलात की आई-बाबांचं बीपी मोजून घ्या. आणि हो, हात हृदयाच्या पातळीत!